पुसलेलं झाकण

एका मुलीनं बरोबर सोडवलेलं गणित मी खोडरबरानं पुसलं आणि त्याच जागेवर माझं चुकीचं उत्तर लिहिलं. ती वीस वर्षांची होती, मी एक्कावन्न. ती मला काका म्हणायची. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी टेकड्या, गवत, वाहतं पाणी यांविषयी बरंच काही कौतुकानं लिहिणार आहे, आणि कौतुकाच्या आड आपली चूक दडवून ठेवायची मला जुनी सवय आहे.

मे महिना लागलाय. इकडे परदेशात, फ्रीमाँटला, हिरवा रंग हिवाळ्याचा असतो. नोव्हेंबरपासून थोडाथोडा पाऊस पडतो, टेकड्या हिरव्या होतात, मार्चमध्ये त्यांच्यावर पिवळी मोहरी फुलते, आणि मे आला की आठ-दहा दिवसांत सगळं वाळून सोनेरी होतं. फ्रीवेवरून ऑफिसला जाताना उजवीकडची टेकडी काल हिरवी होती, आज तिच्या खांद्यावर एक फिका पट्टा दिसला. खिडकी खाली केली तर वाळक्या गवताचा वास आला. त्या वासाबरोबर मला नेहमी एक दुसरा वास येतो, जो तिथे नसतो: व्हाइट बोर्डवर लिहायच्या मार्करचा. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी विद्यार्थी होतो. कम्युनिटी कॉलेजात. परीक्षा जवळ आली होती आणि माझ्या छातीवर त्या पुसलेल्या गणिताचं ओझं होतं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे गावातलं, कुणालाही दार उघडं असलेलं कॉलेज. दोन वर्षं इथे काढायची आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं, अशी सोय असते. आमच्या मराठी मंडळींत त्याचं नाव जरा आवाज उतरवूनच घेतात. मीही तसाच घ्यायचो. मग मी स्वतः तिथे का गेलो, तर एका प्रश्नामुळे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हल्ली आमच्या कामात ‘ग्रेडियंट’ हा शब्द दिवसातून दहादा येतो. ऑफिसात नव्यानं आलेल्या एका मुलीनं जेवताना मला विचारलं, “ग्रेडियंट म्हणजे नक्की काय हो?” मी फॉर्म्युला म्हणून दाखवला. ती म्हणाली, “हो, तो माहितेय. पण ते आहे काय?” माझा घास हातात राहिला. पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला याच विषयात मला नव्वदच्या आसपास मार्क होते. तेव्हा आमच्या सरांना एकानं हाच प्रश्न विचारला होता. सर म्हणाले होते, “पाच मार्कांचं आहे.” वर्ग हसला होता. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो, आणि वहीत त्या व्याख्येपुढे ‘५’ लिहून चौकट केली होती.

तर वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी जानेवारीत मी नाव घातलं. अनेक चलांचं कलन, व्हेक्टर कॅल्क्युलस, मंगळवार आणि गुरुवार, दुपारी चार ते सहा. ऑफिसात सांगितलं की पाठीसाठी फिजिओथेरपी सुरू केलीय. बायकोला, मंजिरीला, हे कळल्यावर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “लोक कॉलेजला जातो सांगून भलतीकडे जातात. भलतीकडे जातो सांगून कॉलेजला जाणारा तूच.”

पहिल्या दिवशी हजेरी झाली. आमच्या बाईंचं नाव मिस ट्रान. बुटक्या, करड्या आखूड केसांच्या, एका हातात कायम चहाचा थर्मास. इथे कुणी बाई म्हणत नाही, पण माझ्या मनात त्या पहिल्या मिनिटापासून ट्रान बाईच. त्यांनी ‘केटाकी’ अशी हाक मारली आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. म्हणजे केतकी. आडनावही मराठी. तास सुटल्यावर मी आपल्या लोकांची ती सवय दाखवलीच.

“मराठी का? कुठली तू?”

“फ्रीमाँट.”

“नाही, म्हणजे मूळची?”

तिनं विचार केला. “आधी आम्ही अपार्टमेंटमध्ये होतो. पण ते पण फ्रीमाँटलाच.”

मी हसलो, तीही हसली. “बाबा सांगलीचे,” ती म्हणाली. “मला मराठी थोडंसं येतं. किचनपुरतं. आई स्वयंपाक करताना मराठीत बोलते, तेवढंच. मी तुम्हाला काका म्हणू ना? मिस्टर वगैरे म्हणायला विअर्ड वाटतं.”

दोन आठवड्यांत सगळा वर्ग मला काका म्हणू लागला. बाईंनी तिघातिघांचे गट केले होते. केतकीच्या आणि माझ्या गटातला तिसरा, रूबेन, पस्तिशीचा, घरांना एअर कंडिशनिंगचे पत्र्याचे डक्ट बसवायचं काम करणारा, त्यानं तर ते माझं पाळण्यातलं नाव असल्यासारखं उचललं. एकदा ट्रान बाईंनीही हजेरीत चुकून ‘काका’ म्हटलं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. वर्गात माझ्याएवढं कुणी नव्हतं, आकडेमोडीत मला कुणी हरवत नव्हतं, आणि तीस वर्षांपूर्वी पाठ केलेले फॉर्म्युले आश्चर्य वाटावं इतके शाबूत होते. काका ही पदवी मी मिरवू लागलो.

त्या दिवसांतलं काय काय आठवतं. फेब्रुवारीतली एक दुपार. ट्रान बाई आम्हाला वर्गाबाहेर, पार्किंगच्या मागच्या हिरव्या उतारावर घेऊन गेल्या. गवत ओलं होतं, बुटांत पाणी जात होतं. त्या म्हणाल्या, “जिथे आहात तिथेच उभे राहा. तिथून सगळ्यात खडा चढ कुठल्या दिशेला आहे? तिकडे तोंड करा.” आम्ही तीसएक जण फिरलो. कुणी डावीकडे, कुणी जरा उजवीकडे, प्रत्येकाची दिशा थोडी वेगळी. “हा तुमचा ग्रेडियंट,” बाई म्हणाल्या. “तुमच्या पायाखालचा. शेजाऱ्याचा वेगळा असेल.”

केतकी हळूच म्हणाली, “काका, लांबून बघणाऱ्याला वाटेल इथे काहीतरी पंथ चाललाय.”

मी हसलो, पण माझे डोळे भरले होते. इतकं साधं होतं ते. पाच मार्कांची ती चौकट तीस वर्षांनी उघडली होती आणि तिच्यात एक ओली टेकडी होती. मग बाईंनी आम्हाला न चढता, न उतरता, एकाच उंचीवरून चालायला लावलं. वळणावळणानं आमची रांग टेकडीला वळसा घालत गेली. पायांना कळत होतं की चढ कायम काटकोनात, एका अंगाला आहे. जे वहीत सिद्ध केलं होतं ते घोट्यांना आधीच ठाऊक होतं.

दुसरी एक दुपार, कागदाच्या भिंगऱ्यांची. प्रवाह कुठे आणि किती गरगरतो याचं माप म्हणजे कर्ल, हे सांगायला बाईंनी आम्हाला पुठ्ठ्याची छोटी चक्रं करायला लावली आणि पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या चराजवळ नेलं. मधोमध सोडलेलं चक्र नुसतं वाहत गेलं. काठाजवळ सोडलेलं गरगरलं, कारण काठाशी पाणी संथ आणि आत वेगानं. आमचं चक्र बुडालं. रूबेनच्या खिशात पत्र्याचा तुकडा होता, त्यानं दोन मिनिटांत नवं करून दिलं. पत्रा, हवा, दाब, गळती हे सगळं त्याच्या बोटांत होतं. “डक्टमध्ये जेवढं आत जातं तेवढं बाहेर यायला पाहिजे,” तो म्हणायचा. “नाही आलं तर कुठेतरी भोक आहे. याला तुम्ही लोक थिअरम म्हणता?”

आणि केतकीचं किचनचं मराठी. तिला गणितातले मराठी शब्द कुठून येणार, पण मला समजावताना ती मुद्दाम मराठीत शिरायची आणि हाताला लागेल तो शब्द वापरायची. जिथून प्रवाह उगवतो त्या जागेला ती म्हणायची, “इथे उतू जातंय.” जिथे प्रवाह शोषला जातो तिथे, “इथे आटतंय.” पृष्ठभागाचे बारीक तुकडे करायचे म्हणजे “चिरून घ्यायचं”. तिच्या तोंडून ते ऐकताना मला वाटायचं, आपण हा विषय पहिल्यांदा मराठीत शिकतोय.

मार्चमध्ये एकदा कॅन्टीनमध्ये तिनं मला तिची गोष्ट सांगितली. बारावीनंतर ती एका मोठ्या विद्यापीठात गेली होती. पहिल्या वर्षातच तिला अंथरुणातून उठवेनासं झालं. सगळे आपल्यापेक्षा हुशार आहेत, आपण चुकून इथे आलोय, असं वाटत राहिलं. आईबाबा जाऊन तिला घरी घेऊन आले. ओळखीच्यांना अजून ते सांगतात, ती ऑनलाइन करतेय. आता दुसऱ्या एका विद्यापीठानं तिला सिव्हिलला जागा देऊ केली होती, तिला नद्यांचं, पाण्याचं काम करायचं होतं. अट एकच. या विषयात बी ग्रेड हवा.

“बी मायनस नाही, काका. बी.” चिप्सची रिकामी पिशवी ती बारीक बारीक घडी घालत होती. “आणि खरं सांगू? मार्कांचं मी करीन. पण एक्झाममध्ये मला एकदम वाटतं की माझं रॉंगच असणार. मग मी बरोबर लिहिलेलं खोडते.”

हे तिनं मला आधी सांगितलं होतं. मी ते ऐकून, मान डोलवून, तिला म्हटलं होतं, “स्वतःवर विश्वास ठेव.” तीन आठवड्यांनी मी तिचं बरोबर लिहिलेलं खोडलं.

एप्रिलमधला गुरुवार. गटाची चाचणी. तिघांना मिळून एक कागद, एक पेन्सिल, वीस मिनिटं, आणि मिळतील ते मार्क तिघांनाही सारखे. प्रश्नात एक वाटी होती. गोल तळाची, वरून उघडी. एक प्रवाह दिला होता आणि विचारलं होतं, वाटीच्या भिंतीतून एकूण किती बाहेर जातं.

आमच्या काळी पुण्यात अशा गणितांवर एक हमखास उतारा होता. बंद भांड्याच्या आत किती उगवतंय ते मोजलं की त्याच्या सगळ्या बाजूंनी मिळून किती बाहेर पडतंय ते आपोआप मिळतं. बाजू वेगळ्या मोजायला नकोत. हा डायव्हर्जन्स थिअरम. गाइडमध्ये गोल असायचे, ठोकळे असायचे, सगळे बंद. ‘पृष्ठभाग बंद असल्यास’ ही ओळ थिअरमच्या डोक्यावर छापलेली असायची आणि ती आम्ही कुणी वाचायचो नाही, कारण परीक्षेत उघडं भांडं कधी येतच नसे.

पेन्सिल केतकीच्या हातात होती. तिनं वाटी काढली, मग वाटीच्या तोंडावर एक तुटक रेघ ओढली. शेजारी दोन ओळी लिहिल्या. खाली उत्तर लिहिलं.

“हे काय?” मी विचारलं.

“झाकण,” ती म्हणाली. “काका, वाटी ओपन आहे ना. मग आधी झाकण ठेवायचं, थिअरम लावायचा, आणि मग झाकणातून जितकं जातं तितकं मायनस.”

“अगं, इतकं कशाला? थिअरम सरळ लावायचा. हे टिपिकल गणित आहे. मी अशी शंभर केलीत.”

“पण झाकण कुठे आहे मग?”

रूबेन कागदावर वाकला. “काका, पोरीचं ऐकू या ना. उघड्या डक्टला मी पण आधी तोंड बंद करूनच बघतो.”

मी घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं राहिली होती. त्या क्षणी माझ्या मनात नक्की काय होतं ते मी पुढे लिहीन, इथे लिहायचा धीर होत नाही. मी तिच्यापुढचा कागद माझ्याकडे ओढला, पेन्सिल उलटी केली आणि खोडरबरानं तिच्या दोन ओळी, ती तुटक रेघ आणि उत्तर पुसलं. “माझ्यावर सोड,” मी म्हटलं. चार ओळींत मी गणित संपवलं. सुबक अक्षरात. माझं उत्तर बरोबर उत्तराच्या नेमकं दुप्पट आलं होतं.

मंगळवारी कागद परत आला. प्रश्नाला शून्य. ट्रान बाई आमच्या बाकाशी थांबल्या, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, “इथे आधी काहीतरी वेगळं लिहिलेलं दिसतंय. ते कुणाचं होतं?”

पेन्सिल पुसली तरी दाबाचा ठसा राहतो. झाकणाची ती तुटक रेघ उजेडात स्पष्ट दिसत होती. केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली. किती थांबली, ते मला अजून मोजता येतं. मग ती बाईंना म्हणाली, “आम्हा सगळ्यांचंच. आमचं कन्फ्यूजन झालं.”

मी मान डोलावली.

त्यानंतर तिनं गटात प्रश्न विचारणं सोडलं. पेन्सिल माझ्याकडे सरकवायची. घरचा अभ्यास दाखवतानासुद्धा प्रत्येक ओळीनंतर विचारायची, “बरोबर ना, काका?” आधी असं कधी विचारत नसे. बरोबर असलेल्या ओळींनाही विचारायची. शेवटच्या परीक्षेला तिच्या शेजारी कुणी काका नसणार होता, आणि ती स्वतःचं उत्तर माझ्याच खोडरबरानं पुसणार होती. हे मला दिसत होतं, आणि मी काय केलं? मी तिच्यासाठी लाडू नेले.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल लिहायला हवं. आम्ही नगरला राहायचो. वडील माझी गणितं तपासायचे आणि चूक दिसली की अंगठा ओला करून ती पुसायचे, कागद फाटेपर्यंत. चौथीत असताना त्यांनी माझं एक बरोबर गणित पुसलं. मी म्हटलं बरोबर आहे, तर माझ्या पाठीत धपाटा बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी फळ्यावर तेच गणित माझ्या पद्धतीनं सोडवलं. संध्याकाळी मी वडिलांना ते दाखवलं. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. पण त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नवी कंपासपेटी आणली. सण नव्हता, वाढदिवस नव्हता. मला ती पेटी फार आवडली. चौथीतल्या मुलाला ती पेटी पुरली होती, पण आत कुठेतरी काही पुरलं नव्हतं. आज वडील नाहीत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. आमच्या घरात थोरल्यानं धाकट्याची माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. आम्ही वस्तू आणतो.

म्हणून शेंगदाण्याचे लाडू. मंजिरीला सांगून करून घेतले. मग माझ्या टिपणांची झेरॉक्स. मग तिची गाडी बंद पडली तेव्हा आठवडाभर तिला घरी सोडलं. लाडू खाताना तिनं विचारलं, “काका, मस्त आहेत. काही स्पेशल?”

“छे, सहज.”

रूबेन डबा बंद करता करता हळू आवाजात मला म्हणाला, “अजून बोलला नाहीस ना तिच्याशी.” आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

शेवटी मी ट्रान बाईंच्या खोलीत गेलो. परीक्षेला दहा दिवस होते. त्यांच्या टेबलावर थर्मास होता, खिडकीत पुठ्ठ्याची जुनी चक्रं सुकत ठेवली होती. मी सगळं सांगितलं. पुसलेलं उत्तर केतकीचं होतं, मला शून्यच राहू द्या पण तिला तिचे मार्क द्या, असं म्हटलं. मला वाटलं होतं, इथे मोकळा होईन.

बाईंनी शांतपणे ऐकलं. “मला तेव्हाच अंदाज आला होता,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या वहीत पुसलेल्या उत्तराला रकाना नाही. कागदावर जे राहिलं ते तिघांनी मिळून दिलं. मार्क तोच राहील.”

“पण तिचा बी...”

“एका चाचणीनं तिचा बी जाणार नाही. स्वतःचं उत्तर तिला खोटं वाटायला लागलं तर जाईल. आणि त्याबद्दल तुम्ही मला का सांगताय?”

बाईंनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. “गुरुवारी चुकांचा दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “तुमची कुठली ते ठरवलंत का?”

चुकांचा दिवस ही त्यांची पद्धत होती. परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला प्रत्येकानं बोर्डापाशी जायचं, सत्रातली आपली एक चूक लिहायची, आणि ती का झाली ते सांगायचं. बरोबर कसं करायचं त्याला महत्त्व नाही, का झाली ते सांगायचं. मी एक निरुपद्रवी चूक निवडून ठेवली होती, वजाचं अधिक केल्याची. कुणालाही होते अशी.

परीक्षेचं आधी सांगतो, म्हणजे नंतर सांगायला नको. केतकीनं पेपर पूर्ण वेळ लावून लिहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर पेन्सिलीची काळी पूड होती. “दोनदा खोडावंसं वाटलं,” ती म्हणाली. “नाही खोडलं.” तिला बी मिळाला. बी मायनस नाही. ती आता दूर उत्तरेला शिकते. काल तिनं एक फोटो पाठवला, गुडघाभर पाण्यात उभी, हातात प्रवाह मोजायचं यंत्र, आणि खाली मराठीत, इंग्रजी कीबोर्डवर धडपडत लिहिलेलं, “काका, इथे उतू जातंय.” रूबेन आता डक्ट बसवणाऱ्यांना आराखडे करून देतो आणि दर उन्हाळ्यात माझ्या घरचा एसी तपासायला म्हणून येऊन जेवून जातो. मी ऑफिसात फिजिओथेरपीचं खरं काय ते सांगितलं. त्या नव्या मुलीला जवळच्या उतारावर नेऊन म्हटलं, सगळ्यात खडा चढ कुठे आहे, तिकडे तोंड कर.

मी त्या कॉलेजाचा ऋणी आहे. दार उघडं ठेवणाऱ्या, एक्कावन्नाव्या वर्षी नाव विचारून आत घेणाऱ्या त्या इमारतीचा, जिच्याबद्दल मी इतकी वर्षं आवाज उतरवून बोलायचो. ट्रान बाईंचा आहे, त्यांनी माझी सुटका केली नाही म्हणून. रूबेनचा आहे, त्याच्या त्या एका वाक्याचा. आणि केतकीचा, जिनं आपल्या किचनच्या मराठीत मला शिकवलं की मांडणी पुरी करायची असेल तर जे तिथे नाही तेही आधी धरावं लागतं, आणि मग प्रामाणिकपणे वजा करावं लागतं.

पण त्या मेमधला तो गुरुवार. खिडक्या उघड्या होत्या, टेकडी अर्धी सोनेरी झाली होती, आणि वाळक्या गवताचा वास आत येऊन मार्करच्या वासात मिसळत होता. माझं नाव आलं. मी उठलो. वजा-अधिकची चूक पाठ होती. मार्कर हातात घेतला आणि बोर्डवर वाटी काढली. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. मी वाटीच्या तोंडावर तुटक रेघ ओढली, केतकीनं ओढली होती तशी. शेजारी तिच्या दोन ओळी लिहिल्या. पाठ होत्या, त्या महिनाभरात मी त्या किती वेळा लिहिल्या होत्या. खाली तिचं उत्तर लिहिलं.

“हे माझं नाही,” मी सगळ्या वर्गाला इंग्रजीत सांगितलं. “हे केतकीनं लिहिलं होतं आणि हे बरोबर आहे. मी ते पुसलं. बाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो आणि तिनं माझं ओझं उचललं. ही चूक गणिताची नाही.”

केतकी मान खाली घालून वहीच्या कडेला काहीतरी गिरवत होती. “इट्स फाइन, काका,” ती पुटपुटली. “सिरियसली. सॉरीची गरज नाही.”

सॉरी इथे आपण दिवसातून वीसदा म्हणतो. दारात धक्का लागला तरी म्हणतो. तो शब्द मला पुरणार नव्हता. मी मार्कर खाली ठेवला, तिच्या बाकापाशी गेलो, आणि तिला कळेल अशा, तिच्या आईच्या स्वयंपाकघरातल्या मराठीत बोललो. माझ्या घरात हे वाक्य याआधी कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे आवाज माझा मलाच ओळखू येईना.

“फाइन नाहीये, केतकी. तू ती झाकणाची रेघ ओढलीस ना, तेव्हाच मला दिसलं होतं की तुझं बरोबर आहे. एक क्षणभर, पण दिसलं होतं. तरी मी पुसलं, कारण तू मला काका म्हणत होतीस आणि मला काकाच राहायचं होतं. लाडू त्याचेच होते. मी चुकलो, बाळा. मला माफ कर.”